आवाजाला धनी नसतो

घंटा झाली तेव्हा यिन मिन ट्वेच्या ओठांवर हसू होतं. ध्यानाचा तास कधी सरला ते तिला कळलंच नव्हतं. एरवी तासाच्या उत्तरार्धात तिचा डावा गुडघा असा काही ठणकायचा की बुद्ध, धम्म, संघ सगळे बाजूला राहून तिचं सारं चित्त त्या घंटेच्या दोरीला लोंबकळत असायचं. दोरी ओढणारी बाई आज मेली की काय, असंही मनात येऊन जायचं आणि मग त्या विचाराची वेगळी नोंद घ्यावी लागायची. आज मात्र दुखणं वाढत गेलं, तापलं, आणि कुणी गाठ सोडावी तसं सुटून गेलं. मागे नुसतं पोट राहिलं, श्वासाबरोबर फुगणारं आणि ओसरणारं. बाहेर रस्त्यावर थिंजानचा, नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणाचा, धिंगाणा चालला होता, मांडवामांडवातून कर्णे कोकलत होते, पाइपातून पाणी उडत होतं, पोरी किंचाळत होत्या. पण ते सगळं तिच्यापर्यंत येईतो नुसता आवाज होऊन विरत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्याला जमलं, असं तिला वाटलं आणि त्या आनंदातच तिनं डोळे उघडले. तर तिच्या चटईच्या कोपऱ्यावर एक हात पडलेला होता. सुरकुतलेला, तळवा वर. हाताच्या मागे शेजारी बसणारी म्हातारी दॉ ओन खिन आडवी झाली होती, भिंत आणि चटई यांच्या फटीत, चष्मा कपाळावर सरकलेला, तोंड जरासं उघडं. झोपली वाटतं म्हातारी, हा यिन मिनच्या मनात आलेला पहिला विचार. तो खरा नाही हे तिला त्याच क्षणी माहीत होतं.

मग धावाधाव झाली. कुणी पाय चोळले, कुणी नाकाशी औषधाची कुपी धरली, कुणी पंख्याखाली ओढा म्हणालं, कुणी हलवू नका म्हणालं. ध्यानकेंद्राची जुनी गाडी निघाली तर फाटकाबाहेर नाचणाऱ्यांची गर्दी. गाडीत कोण आहे ते न बघता पोरांनी वरून बादल्या ओतल्या, नव्या वर्षाचं पाणी म्हणून. संध्याकाळी निरोप आला, की इस्पितळात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. आणि त्यानंतर जे सुरू झालं त्याची यिन मिननं कल्पना केली नव्हती. चिंचेखालच्या बाकावर ताडगुळाचं पाणी पीत बसलेल्या बायका एकेक करून दॉ ओन खिनचा हेवा करायला लागल्या.

"बसल्या बसल्या गेली! शील पाळून, पोट रिकामं, चित्त जाग्यावर. मागच्या जन्मी काय दान केलं असेल गं!"

"नाहीतर आमच्याकडे आमचे सासरे. जाताना सुद्धा शेजाऱ्याला शिव्या देत गेले."

"मला धप्प असा आवाज आला होता, बरं का," एक जाडजूड बाई म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी डुलकी लागून कलंडली असेल. मी आपलं 'ऐकू येतंय, ऐकू येतंय' म्हटलं आणि पुढे चालू."

"मी पण!" दुसरी म्हणाली, आणि दोघी हसल्या. डुलक्या लागून कलंडणं ही तिथं रोजचीच गोष्ट होती. मग पहिली यिन मिनकडे वळली. "तुम्ही तर अगदी शेजारी होतात. तुम्हाला काय ऐकू आलं?"

"तेच," यिन मिन म्हणाली. "धप्प."

वास्तविक तिला धप्प सगळ्यात शेवटी ऐकू आलं होतं.

दर वर्षी थिंजान आला की यिन मिन ट्वे ध्यानाला नेसायची तपकिरी लुंगी आणि पांढरं पोलकं पिशवीत भरून या केंद्रात येऊन बसायची. कापडाच्या दुकानाला सुट्टी, घरात भावाची तीन कार्टी ओल्या अंगानं हुंदडणारी, भावजयीकडे माहेरची माणसं उतरलेली. अख्खं शहर भिजायला बाहेर पडतं तेव्हा तिच्यासारख्या, लग्न न झालेल्या, भावाच्या घरात मागच्या खोलीत राहणाऱ्या बाईनं कुठं जायचं? भावजय हसत हसत टोमणा मारायची, "जा, जा. तुमचं बरं आहे, ताई. पुण्य मिळतं ते मिळतं, वर भांडीही घासावी लागत नाहीत." यात खोटं काही नव्हतं म्हणूनच ते झोंबायचं. मग ते खोडून काढण्यासाठी ती ध्यानाला कंबर कसून बसायची. डासाला डास म्हणायचं नाही, 'खाज, खाज' म्हणायचं. भावजयीचा चेहरा डोळ्यांपुढे आला की 'दिसतंय, दिसतंय'. राग आला की 'राग'. तरी घटकाभरात मन दुकानात जाऊन हिरव्या रेशमाचा गठ्ठा उलगडायला लागायचं, नाहीतर कुणीतरी कधीतरी बोललेलं एखादं वाक्य धरून त्याला आता सुचलेलं झणझणीत उत्तर देत बसायचं. कानामागून घामाचा ओघळ निघे आणि मानेपर्यंत पोचेतो तिचा जीव मेटाकुटीला येई. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली तर जगात त्या शेंड्याशिवाय दुसरं काही उरत नसे.

आणि या वर्षी वर दॉ ओन खिन. म्हातारी फार गोड होती, पण ती म्हणजे एक वाद्यवृंदच होती. बसताना सांधे वाजायचे, उठताना वाजायचे. मांडी बदलली की "फया, फया," असा देवाचा धावा. कुपी नाकाशी नेऊन जोरात ओढलेला श्वास. ढेकर, उपाशी पोटाची गुरगुर, मग स्वतःशीच पुटपुटणं. यिन मिनचा गुडघा अवघडलाय हे म्हातारीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. "पाय हलव गं, पोरी," ती दबक्या आवाजात म्हणाली होती. "बुद्ध काही छडी घेऊन उभा नाही." आणि स्वतःची उशी तिच्या गुडघ्याखाली सारली होती. उशीचा उपयोग झाला. पण म्हातारी आता आपल्याकडे लक्ष ठेवून आहे, आणि आपण हललो नाही तरी हिला कळतं, हललो तरी कळतं, या जाणिवेनं यिन मिन आणखी आखडून बसायला लागली. दुपारी म्हातारी तिच्या हातात ताडगुळाचा खडा ठेवायची. तो चघळताना यिन मिनला तिचा लोभही वाटायचा, आणि पुढच्या तासाला पहिली ढेकर आली की हीच बाई नकोशी व्हायची.

ध्यान कसं चाललंय ते सांगायच्या मुलाखतीच्या वेळी तिनं सयादोंकडे तक्रार केली होती. सयादो म्हणजे केंद्राचे थोरले भिक्षू, कृश, कानांत केस वाढलेले, बोलताना अंगठ्याची नखं एकमेकांवर घासायची सवय असलेले. तिनं नाव घेतलं नव्हतं. नुसतं शेजारी फार आवाज होतो एवढंच म्हणाली होती.

"आवाज कुठं होतो?" सयादोंनी विचारलं.

"माझ्या डाव्या बाजूला, सयादो."

"नाही. कानात होतो. तू त्याला डावीकडे नेतेस, तिथं एक बाई बसवतेस आणि मग त्या बाईवर चिडतेस. आवाजाला धनी नसतो, उपासिके. 'ऐकू येतंय' म्हण. तेवढंच खरं आहे."

हे तिला एकदम पटलं. नुसतं पटलं नाही, मोकळं वाटलं. म्हातारीवर आता रागवायचं कारण उरलं नव्हतं, कारण म्हातारीच उरली नव्हती. त्यानंतर दोन दिवस यिन मिननं दुसरं काही केलं नाही. कुपीचा श्वास आला, ऐकू येतंय. सांधा वाजला, ऐकू येतंय. "फया, फया," ऐकू येतंय. आवाज येत, नोंद होत, जात. शिकण्यासारखं काही हाती लागलं की माणूस ते कुठंही वापरून बघतो, तसं तिचं झालं. म्हातारी गुळाचा खडा देताना काय बोलते याकडेही तिचं धड लक्ष नव्हतं. तेव्हाही ती आतल्या आत नोंद घेत असायची.

त्या तासाला काय झालं ते आता तिला सगळं आठवत होतं, आणि तीच मोठी पंचाईत होती. लक्ष नसतं तर विसरता आलं असतं. पण तिचं लक्ष त्या तासाइतकं लख्ख कधीच नव्हतं. गुडघा सुटला, पोट फुगत ओसरत राहिलं आणि त्या स्वच्छतेत डावीकडून एक श्वास आला, नेहमीपेक्षा आखूड. तिनं नोंद घेतली. मग कापडाची सळसळ. नोंद. मग, "यिन मिन." हळू, पण नीट. कर्ण्यातलं गाणं त्या घटकेला नेमकं थांबलं होतं. ऐकू येतंय, ऐकू येतंय. मग पुन्हा, "यिन मिन," आणि या वेळी तिच्या मांडीचे स्नायू उठायला म्हणून आवळले गेले. तेही तिला स्पष्ट दिसलं. उठावंसं वाटतंय, उठावंसं वाटतंय, उठावंसं वाटतंय. आणि दुखण्यासारखंच तेही सुटून गेलं. केवढं हलकं वाटलं होतं तेव्हा! त्यानंतर बऱ्याच वेळानं धप्प झालं.

पुढच्या तासाला ती त्याच चटईवर जाऊन बसली. डावीकडे आता नुसती भिंत होती. सांधे नाहीत, कुपी नाही, ढेकर नाही. हवी होती तशी शांतता तिला मिळाली होती. पोट फुगतंय, असं ती म्हणाली आणि पोट फुगलंच नाही, तसंच अडकून राहिलं. तिनं नियमाप्रमाणे सगळं करून पाहिलं. विचार येतोय. आठवतंय. घाबरलेय. पश्चात्ताप, पश्चात्ताप, असं म्हणून पाहिलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती हे मनापासून म्हणतच नाही, कारण तो गेला तर काय, याचीच तिला धास्ती आहे. एकदा तिनं असं काहीतरी घालवलं होतं. गुडघा ठणकायला लागला तेव्हा तिला बरं वाटलं. मग तिनं मुद्दाम गुडघ्याखालची उशी काढून बाजूला ठेवली, आणि ठेवताना ती उशी कुणाची ते आठवून तिचा हात तिथंच राहिला. ती चांगली रडली. शेजारपाजारच्या बायकांनी ते ऐकलं असणार, पण डोळे कुणी उघडले नाहीत. ध्यानात रडू येणं चांगलं मानतात.

दुसऱ्या दिवशी ती सयादोंपुढे गुडघे टेकून बसली. नमस्कार तीन वेळा करायचा असतो. ती तिसऱ्यांदा वाकली ती वर यायलाच बघेना.

"बोल," सयादो म्हणाले.

"दॉ ओन खिननी हाक मारली होती, सयादो. माझं नाव घेऊन. मला ऐकू आलं."

"मग तू काय केलंस?"

"'ऐकू येतंय' म्हटलं."

"नंतर?"

"त्यांनी पुन्हा हाक मारली. मला उठावंसं वाटलं."

"आणि?"

"त्याची नोंद घेतली."

"मग?"

"मग ते वाटणं गेलं, सयादो."

नखं घासायची थांबली. सयादो तिच्याकडे बघत नव्हते, भिक्षू बायकांकडे बघत नाहीतच. पण आता ते चटईकडेही बघत नव्हते. ते म्हणाले, "उठावंसं वाटलं तर नोंद घ्यायची आणि उठायचं. उठू नकोस असं मी कधी सांगितलं होतं?"

"नाही सांगितलंत."

"मग का नाही उठलीस?"

खोटं बोलायला एवढी उत्तरं होती. समजलं नाही, भीती वाटली, गुडघा अवघडला होता. "माझं चांगलं चाललं होतं, सयादो," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, ते रागावतील. निदान पश्चात्ताप हाही ध्यानातला अडथळा आहे, तो सोडून दे, असं पुस्तकातलं काहीतरी सांगतील. ते तसं म्हणाले असते तर तिनं त्यांचे पाय धरले असते. "आवाजाला धनी नसतो, असं मीच सांगितलं तुला," ते म्हणाले, तिला की स्वतःला कोण जाणे. "जा. मला सांगून काय उपयोग? तिला मुलगी आहे."

सातव्या दिवसाचं जेवण दॉ ओन खिनच्या मुलीच्या घरी होतं, सांचाँगच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मेलेलं माणूस सात दिवस घरातच घोटाळतं, आपण मेलोय हे त्याला अजून नीट उमगलेलं नसतं, म्हणून दार सताड उघडं ठेवलेलं होतं आणि म्हातारीच्या बिछान्यापाशी पाण्याचं भांडं भरलेलं होतं. मुलीचं नाव ले ले वा. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, रडून रडून डोळे सुजलेले, तरी प्रत्येक पाहुण्याला दारातच धरून तीच गोष्ट सांगत होती आणि सांगता सांगता गोष्ट वाढत होती. केंद्रात म्हातारी बसल्या बसल्या गेली होती. इथं तिचे हात जोडलेले होते, चेहऱ्यावर तेज होतं.

"तिकडे कडमडू नको, या वयात नाही झेपायचं, असं मी म्हणत होते," ती सांगत होती. "तर मला म्हणाली, तू जा पोरांना घेऊन भिजायला, मी माझी भिजते तिकडे. शेवटपर्यंत चेष्टा! विचारा ना ह्यांना, ह्या अगदी शेजारी होत्या. शांत गेली ना हो आई?"

सगळे वळले. यिन मिनची मान हलली. होकारार्थीच हलली. कुणीतरी "साधू, साधू" म्हणालं आणि ले ले वानं तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन दाबले. यिन मिनला वाटलं, आता जिना उतरून निघून जावं, दुकानात जाऊन रेशमाच्या गठ्ठ्यांत तोंड खुपसून बसावं. त्याऐवजी ती ले ले वाच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. मोहिंगाचं, माशाच्या रश्श्याचं, मोठं पातेलं चुलीवर रटरटत होतं, माशाचा आणि गवती चहाचा वास कोंदला होता.

"ले ले, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"आधी हे वाडगे धरा. भिक्षू आले की धांदल होईल."

यिन मिननं वाडगे धरले. "आई शांत नाही गेल्या. त्यांनी मला हाक मारली होती. दोनदा. मी ऐकलं आणि डोळे उघडले नाहीत."

ले ले वानं एक वाडगा भरला, दुसरा भरला. "लगेच पडली?"

"नाही."

"म्हणजे वेळ होता."

"होता."

"तुम्ही उठला असता तर वाचली असती?"

"माहीत नाही. असती कदाचित. निदान एकटी..."

"मघाशी चार माणसांत मान डोलावलीत, ती?"

"चुकले. मला माफ करा. हे मनात घेऊन मला राहवेना. झेपेना."

"तुम्हाला झेपेना," ले ले वा म्हणाली. पळी पातेल्यात तशीच उभी राहिली. "आणि मला झेपेल? ती पडली तेव्हा मी थिंजानच्या ट्रकवर होते. पोरांबरोबर नाचत होते. सात दिवस मी काय धरून उभी आहे, बाई? ती शांत गेली एवढंच ना? तेही आज नेलंत."

खरं बोललं की हलकं वाटतं असं तिला वाटलं होतं, आणि वाटलंही होतं, अगदी क्षणभर. त्या क्षणाची तिला आता किळस आली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, सयादो आले, चला.

खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. सूत्रं झाली, मोहिंगा झाला, धूप झाला. मग पुण्य वाटून द्यायची वेळ आली, आणि त्याआधी मेलेल्या माणसाला बोलवावं लागतं. नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायची, की तू जिथं असशील तिथून ये, हे तुझ्यासाठी आहे, ऐक. घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसानं हे करायचं. सयादोंनी खूण केली. ले ले वाच्या हातात पुण्य वाटताना ओतायच्या पाण्याची झारी होती, समोर वाटी होती. ती तशीच बसली.

"बोलव ना, पोरी," एक म्हातारे काका म्हणाले.

"मी नाही. ह्या बोलावतील." तिनं हनुवटीनं यिन मिनकडे दाखवलं.

"अगं, त्या परक्या. घरच्यांनी..."

"आईनं मरताना ह्यांना हाक मारली होती, काका. मला नाही. दोनदा मारली, ह्या उठल्या नाहीत." ती खालच्या आवाजात बोलत होती, पण खोलीत आता दुसरा आवाजच नव्हता. "आता ह्यांनी तिला हाक मारायची."

माणसांच्या माना वळत गेल्या तसतसं यिन मिनला अंगावर ऊन सरकत आल्यासारखं झालं. चिंचेखालची जाडी बाईही तिथं होती. तिनं तोंडावर हात धरला होता. सयादोंनी पंखा तोंडापुढे धरला, तो हलला नाही. ते तिला सोडवणार नव्हते. तिचा गुडघा ठणकत होता, बगलेतून घाम ओघळत होता, आणि यातल्या एकाही गोष्टीचं तिला नाव सुचेना. तिनं उघड्या दाराकडे पाहिलं. दाराबाहेर जिन्याचा कठडा आणि त्यावर वाळत घातलेली एक लहान चड्डी.

"आंटी ओन खिन," ती म्हणाली.

झारीच्या तोंडाशी आलेला थेंब तिथंच थांबला होता. यिन मिन वाट बघत राहिली; हाक मारल्यावर माणूस वाट बघतं हे तिला तेव्हा कळलं. दारातून कुणी आलं नाही. तिनं ले ले वाकडे पाहिलं. ले ले वाचे सुजलेले डोळे तिच्यावर रोखलेले होते.

"ऐकू नाही गेलं तिला," ले ले वा म्हणाली. "पुन्हा मारा."